पॅच टेस्ट करून घ्यावी का? हाताचा इसब काही केल्या जात नाहीये

जुईली
नमस्कार मंडळी. दोन्ही हातांना इसब झालाय. बोटांच्या बेचक्या, हाताची मागची बाजू मनगटापर्यंत, शिवाय उजव्या अंगठ्याचं टोक. आधी बारीक पाणीदार पुटकुळ्या येतात, त्या फुटून लस येते, मग कातडी कोरडी पडून भेगा. रात्री खाजेने जाग येते. स्टिरॉइडचं मलम लावलं की उतार पडतो, थांबवलं की येरे माझ्या मागल्या. भांडी, फरशी सगळं हातमोजे घालूनच करते. साबण बदलून झाले, क्रीम बदलून झाली.

आधीच्या डॉक्टरांनी रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी करायला लावली होती. धुळीतले सूक्ष्म किडे आणि परागकण असं त्यात आलं. मला शिंका येतात, त्यामुळे ते पटतं. पण परागकण बोटांच्या बेचकीतच का जाऊन बसतील? आता नव्या डॉक्टर पॅच टेस्ट करूया म्हणतायत. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावणार, तपासणी संपेपर्यंत पाठ भिजवायची नाही, पुन्हापुन्हा दाखवायला जायचं. इथे कोणी केली आहे का? कारण खरंच सापडतं, की हातात फक्त एक कागद पडतो?

ढगफुटी
रुमाल टाकून ठेवतोय. माझ्या मानेवर असंच चाललंय.

चिमणपाखरू
पाठ भिजवायची नाही, खाजवायची नाही हे वाचूनच माझी पाठ खाजायला लागली :)

नीरव
माझी झाली आहे आणि मला तरी शंभर टक्के उपयोग झाला. बेंबीखाली एक जाड, काळपट, खाजरा चट्टा होता. गजकर्ण समजून कितीतरी काळ बुरशीची मलमं लावली जात होती. टेस्टमध्ये निकेल चांगलंच पॉझिटिव्ह आलं. जीन्सच्या बटणाची मागची बाजू आणि पट्ट्याचं बक्कल नेमकं त्याच जागी टेकतं.

त्यानंतर डॉक्टरांनी निकेल ओळखायचं द्रावण दिलं, डायमिथाइलग्लायऑक्झाइम. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकायचे आणि धातूवर अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर बोळा गुलाबी होतो. घरभर फिरून घासत सुटलो. बटण गुलाबी, किल्ल्यांचा जुडगा गुलाबी, चष्म्याच्या दांडीचा एक स्क्रू गुलाबी. घड्याळाची स्टीलची साखळी मात्र पांढरीच राहिली. स्टीलमध्येही निकेल असतं, पण चांगल्या स्टीलमधून ते फारसं बाहेर सुटत नाही आणि त्रास होतो तो सुटणाऱ्या निकेलचा. आता बटणाच्या आत कापडाचा तुकडा शिवून घेतो. चट्टा गेला, डाग तेवढा राहिलाय.

रेघोट्या
माझं मत वेगळं आहे. एवढे दिवस पाठ कोरडी ठेवायची, कामावरून सुट्ट्या काढायच्या आणि शेवटी डॉक्टर सांगणार की अमुक टाळा, तमुक टाळा. मग आधीच सगळं बंद करावं आणि एकेक वस्तू पुन्हा सुरू करून बघावी. निरीक्षण चांगलं असेल तर टेस्टची गरज काय? माझ्या बहिणीची टेस्ट पूर्ण निगेटिव्ह आली होती आणि पुरळ होतं तसंच राहिलं.

शिरीषफूल
मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. पॅच टेस्ट लावणं आणि वाचणं हे माझं नेहमीचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जुईली, रक्ताच्या तपासणीत दिसतात त्या आयजीई प्रतिपिंडांच्या अ‍ॅलर्जी. शिंका, दमा, अंगावर गांधी उठणं हे त्यांचे प्रकार, आणि ते काही मिनिटांत दिसतात. म्हणून टोचून करायची प्रिक टेस्ट १५-२० मिनिटांत वाचता येते. संपर्काची अ‍ॅलर्जी रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशींमार्फत होते. एकदा शरीराने एखादा पदार्थ शत्रू ठरवला की पुढच्या वेळी तो त्वचेला लागल्यावर पुरळ उठायला साधारण १ ते ३ दिवस जातात. ही अ‍ॅलर्जी आयजीईच्या रक्ततपासणीत दिसत नाही. तुमचा रिपोर्ट तुमच्या शिंकांबद्दल बोलतोय, हातांबद्दल नाही.

या उशिरामुळेच रेघोट्या म्हणतात ती पद्धत फसते. सोमवारी लागलेली वस्तू बुधवारी उठते, आणि आपण मंगळवारी रात्री लावलेल्या क्रीमला दोष देतो. शिवाय बहुतेक लोक नव्या वस्तूवर संशय घेतात. अ‍ॅलर्जी मात्र वर्षानुवर्षं वापरात असलेल्या वस्तूचीही अचानक जडते. आणि बंद तरी काय काय करणार? एकच प्रिझर्व्हेटिव्ह शांपूत, ओल्या पुसण्यांत, भांड्यांच्या साबणात आणि भिंतीच्या रंगात असू शकतं. ब्रँड बदलला तरी घटक तोच राहतो.

टेस्ट अशी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या ८ मिमी व्यासाच्या चपट्या वाट्या चिकटपट्टीवर ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येकीत एकेक पदार्थ ठरलेल्या प्रमाणात, बहुतेक पेट्रोलियम जेलीत मिसळून. निकेल सल्फेट ५ टक्के, पोटॅशियम डायक्रोमेट ०.५ टक्के, केसांच्या रंगातलं पीपीडी १ टक्का. प्रमाण जास्त झालं तर कोणाचीही कातडी भाजेल, कमी झालं तर अ‍ॅलर्जी असूनही दिसणार नाही. मूळ संचात साधारण ३० पदार्थ असतात, गरजेप्रमाणे कामाच्या स्वरूपानुसार आणखी लावतात. ४८ तासांनी पट्ट्या काढायच्या, पट्टीचा लालपणा ओसरू द्यायचा आणि पहिलं वाचन करायचं. दुसरं वाचन तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. निओमायसिन (मलमांतलं एक प्रतिजैविक), स्टिरॉइड आणि काही धातू यांची प्रतिक्रिया त्याहून उशिरा येते, म्हणून शक्य असेल तर सातव्या दिवशीही पाठ बघतात. ४८ तासांच्या एकाच वाचनावर निकाल देत असतील तर तिथे टेस्ट करू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण असे अर्धवट रिपोर्ट घेऊन लोक येतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

जुईली, एक प्रश्न. मनगटावर इसब कसा संपतो? हळूहळू विरत जातो, की एखाद्या रेषेवर थांबतो?

तळघर
शिरीषफूल, उत्तम प्रतिसाद. इतिहासाची आवड म्हणून एक भर: ही पद्धत १८९५ ची आहे. योझेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने पाऱ्याच्या औषधाने अंगावर उठलेल्या रुग्णाच्या निरोगी कातडीवर तेच औषध लावून ठेवलं आणि तिथे पुरळ उठवून दाखवलं. पुढे ब्रुनो ब्लॉखने ती वाढवली. गंमत म्हणजे टी-पेशींचं काम कळायला त्यानंतर कितीतरी दशकं गेली. आधी परीक्षा आली, स्पष्टीकरण मागाहून.

चिमणपाखरू
केसांच्या रंगाच्या खोक्यावर ४८ तास आधी कानामागे लावून बघा असं लिहिलेलं असतं, तीच का ही टेस्ट?

शिरीषफूल
नाही. ती लावण्याआधीची सावधगिरीची चाचणी. त्यात लाली आली तर रंग लावू नये एवढंच कळतं. नेमका कोणता घटक, ते कळत नाही आणि काही न उठल्याने पूर्ण खात्रीही मिळत नाही.

पीपीडीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. लोक टाळूवर रंग लावतात आणि सूज येते पापण्यांवर, कानांवर, मानेवर. कारण टाळूची कातडी जाड, पापणीची अगदी पातळ. ज्यांना तात्पुरत्या काळ्या टॅटूमुळे फोड आले असतील त्यांनी केसांना रंग लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्या काळ्या रंगात बऱ्याचदा पीपीडी भरपूर असतं आणि एकदा जडलेली अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते. अशा माणसांना बेंझोकेनसारखी बधिर करणारी मलमं आणि कापडाचे काही रंगही कधीकधी बाधतात.

खडूफळा
माझा भाऊ गवंडीकाम करतो. त्याचे हात जुईलींच्या वर्णनासारखेच होते, पण भेगा जास्त आणि पायांवरही. सगळे म्हणायचे, सिमेंटने हात खाल्ले, त्याला इलाज नाही. टेस्टमध्ये क्रोमेट आलं. ओलं सिमेंट कातडी भाजतं ते वेगळं आणि त्यातल्या क्रोमियमची अ‍ॅलर्जी वेगळी, हे तेव्हा कळलं. पायांचं कोडं डॉक्टरांनी लगेच सोडवलं: चामड्याचे बूट. चामडं कमावायला क्रोमियमचे क्षार वापरतात. कापडी आणि रबरी बूट घातल्यावर पाय सुधारले. हात पूर्ण सुधारले नाहीत, कारण काम सोडणं परवडत नाही.

तळघर
खडूफळा, सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळलं की घातक सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी होतं आणि ते कातडीत सहज शिरत नाही. डेन्मार्कने हे १९८० च्या दशकात सुरू केलं. युरोपीय संघात २००५ पासून पाण्यात विरघळणाऱ्या सहा-संयुजी क्रोमियमची मर्यादा २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) आहे. तिथे सिमेंटने होणारी अ‍ॅलर्जी त्यानंतर कमी झाली. कामगाराला नुसतं हातमोजे घाल सांगण्यापेक्षा मालच सुधारणं किती मोलाचं आहे!

रेघोट्या
वाचतोय. माझा मूळ मुद्दा अजून आहे. बहिणीची टेस्ट निगेटिव्ह का आली?

शिरीषफूल
कारणं अनेक असू शकतात. एक, तिला अ‍ॅलर्जी नसेलच. हाताच्या इसबात बरेचदा सततचं पाणी, साबण, घर्षण हेच कारण असतं. त्याला क्षोभामुळे झालेला इसब म्हणतात, त्याची पॅच टेस्ट निगेटिव्हच येणार. अशा वेळी निगेटिव्ह निकाल हेही उत्तर असतं. दोन, तिला बाधणारा पदार्थ संचात नसेल. म्हणून स्वतःच्या वस्तू घेऊन जायचं. तीन, त्या काळात ती प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल, किंवा पाठीवर स्टिरॉइडचं मलम लागलेलं असेल, किंवा पाठ नुकतीच उन्हात भाजलेली असेल. यांनी प्रतिक्रिया दबते. (खाजेच्या साध्या गोळ्यांनी, म्हणजे अँटिहिस्टामिननी, तेवढा फरक पडत नाही.) चार, वाचन एकदाच केलं असेल.

पाचवं कारण मला सगळ्यात जास्त खटकतं. पुस्तकांत प्रतिक्रिया म्हणजे गोऱ्या पाठीवरचा गुलाबी गोल. सावळ्या, काळ्या पाठीवर लाली दिसतच नाही, किंवा जांभळट-तपकिरी दिसते. तिथे बोट फिरवावं लागतं. खोलीतला दिवा बाजूने धरायचा, तर्जनी हलकेच पाठीवरून न्यायची आणि कुठे कातडी जाड, उंचावलेली, दाणेदार लागते ते बघायचं. डोळ्यांनी सुटलेली 'एक अधिक' (+, म्हणजे सौम्य; जोर वाढला की दोन, तीन अधिक) प्रतिक्रिया बोटाला सापडते.

रेघोट्या
बहिणीला त्या वेळी गोळ्या सुरू होत्या, हे आत्ता विचारल्यावर कळलं. पुन्हा विचार करायला सांगतो तिला.

दुपारवारा
मी नखांना जेल लावायचं काम करते. आमच्या धंद्यातल्या मुलींसाठी लिहितेय. बोटांची टोकं सोलून निघतात, नखं बोटापासून सुटतात, आणि पापण्या सुजतात म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू होतात. माझ्या टेस्टमध्ये एचईएमए नावाचं अ‍ॅक्रिलेट आलं. जेल दिव्याखाली पूर्ण वाळलं नाही तर उरलेलं कच्चं रसायन कातडीला लागतं. पातळ नायट्राइलच्या हातमोज्यांतूनही ते थोड्याच मिनिटांत आरपार जातं, म्हणून मोजे आहेत या भरवशावर राहू नका. दातांच्या भरणातही याच कुळातली रसायनं असतात, तेव्हा दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, असं मला कार्डावर लिहून दिलंय.

ढगफुटी
कार्ड म्हणजे?

दुपारवारा
पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक पदार्थाचं नाव, त्याची दुसरी नावं आणि तो कशाकशात असतो याची यादी. बाटलीवरच्या बारीक अक्षरांशी ताडून बघायला पर्समध्येच ठेवते.

नीरव
एक विचारू? वाट्या आणि चिकटपट्टीच लागते, तर आपल्याच घरातल्या वस्तू दंडावर पट्टीखाली लावून बघितल्या तर?

शिरीषफूल
नीरव, कृपा करून नको. फरशीचं द्रव, कपड्यांची पावडर, कामाच्या ठिकाणचं अनोळखी रसायन पट्टीखाली बंद करून ठेवलं तर कातडी भाजेल, व्रण राहील, आणि क्वचित नवी अ‍ॅलर्जीही जडेल. आम्हीसुद्धा धुऊन टाकायच्या वस्तू पातळ करूनच लावतो आणि काही वस्तू अजिबात लावत नाही. शिवाय भाजल्याची लाली आणि अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया वेगळी ओळखता यायला हवी. भाजल्याची लाली सहसा पट्टी काढल्यावर उतरत जाते, अ‍ॅलर्जीची दोन वाचनांमध्ये चढते आणि वाटीच्या कडेबाहेर पसरते. कोबाल्टखाली कधी नुसते जांभळट ठिपके येतात, ते अ‍ॅलर्जीचे नसतात. स्टिरॉइडचं तर उलटंच: मधल्या भागात ते स्वतःच दाह दाबतं, म्हणून सुरुवातीला फक्त कडेला कडं दिसतं.

घरी करता येण्यासारखी एकच चाचणी सांगते, तीही डॉक्टरांना विचारून. अंगावर ठेवायच्या क्रीमबद्दल शंका असेल तर ती कोपराच्या आतल्या बाजूला, ठरावीक छोट्या जागेवर, दिवसातून २ वेळा, आठवडा-दोन आठवडे लावायची. पुरळ उठलं की थांबायचं. साबण, शांपू, रसायनं यांच्यासाठी ही नाही.

कोरांटी
भिंतीच्या रंगाचा उल्लेख वर आला म्हणून. घराला रंग दिला आणि माझा चेहरा लाल होऊन सुजला, मी ब्रशला हातही लावला नव्हता. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह निघालं. रंग सुकताना हवेत उडतं म्हणे.

तळघर
हो, अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं होतं. पुढे युरोपीय संघाने अंगावर ठेवायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. भिंतीच्या पाणीमिश्रित रंगांत ते बऱ्याचदा असतं.

जुईली
मंडळी, टेस्ट करून आले, म्हणून सगळं लिहिते. शिरीषफूल, तुमचा प्रश्न वाचून मनगट नीट बघितलं. इसब विरत नव्हता, हातमोज्याची किनार जिथे येते तिथे आडव्या रेषेत थांबत होता. डॉक्टरांनाही तेच दाखवलं.

तिसऱ्या दिवशी पाठीवर दोन जागा धरून बसल्या होत्या. थायुरम मिश्रण दोन अधिक, बारीक फोडांसकट. निकेल एक अधिक. डॉक्टर नुसतं पॉझिटिव्ह म्हणून थांबल्या नाहीत. निकेलबद्दल विचारलं, लहानपणी कानातल्याने कान चिघळायचे का? चिघळायचे. मग म्हणाल्या, हे जुनं आहे, सध्याच्या हातांशी याचा संबंध दिसत नाही. थायुरम रबर पक्कं करताना वापरतात आणि ते माझ्या हातमोज्यांत. रबराच्या प्रथिनांची तात्काळ अ‍ॅलर्जी वेगळी असते, तीही त्यांनी विचारून घेतली, ती नाहीये.

आठवडाभर पाठ खाजली, झोप कमी झाली, पट्ट्यांच्या जागी डाग आहेत. अंगठ्याचं टोक मात्र यात बसत नाही. तिथे कोणतंच नाव जुळलं नाही, पाणी आणि घर्षणामुळे असेल असं त्या म्हणाल्या, आणि अंगठ्याचा इसब आहेच. मोजे बदलल्यापासून बेचक्या आणि मनगट सुकत चाललंय.

खडूफळा
जुईली, अभिनंदन! कोणते मोजे घेतलेत? भावासाठी हवंय.

जुईली
घरकामाला विनाइलचे, आतून सुती मोजा.

शिरीषफूल
खडूफळा, भावाच्या हातांना विनाइल टिकणार नाही. सिमेंटसाठी जाड नायट्राइल बघा, पण खोक्यावर 'अ‍ॅक्सिलरेटर-फ्री' (थायुरमसारखी रबर पक्कं करणारी रसायनं नसलेले) लिहिलेलं असेल तरच घ्या, कारण साध्या नायट्राइलमध्येही रबराचीच रसायनं असू शकतात. त्याला क्रोमेट आहे, त्यावर आणखी एक अ‍ॅलर्जी जडायला नको. मोज्याच्या आत सिमेंट गेलं तर ते कातडीवर दाबून बसतं, तेव्हा मनगटावर घट्ट बसणारे घ्या आणि आतून ओले झाले की लगेच बदला.

जुईली, अंगठ्याला मलमापेक्षाही जाड पेट्रोलियम जेली आणि पाण्यातली कामं कमी करणं याचा उपयोग होईल. वेळ लागेल. कातडीचा अडथळा नीट भरून यायला महिने जातात, दिसायला बरी झाली तरी.

ढगफुटी
माझीही वेळ ठरली. मानेसाठी काय काय घेऊन जाऊ? शांपूची बाटली नेऊ का?

शिरीषफूल
न्या, आणि दुसऱ्या छोट्या डबीत ओतून नका नेऊ, घटकांची यादी असलेली मूळ बाटलीच न्या. मानेसाठी परफ्यूम, दाढीनंतरचं लोशन, केसांचा रंग, गळ्यातली साखळी आणि सनस्क्रीन. पुरळ कॉलरच्या वरच्या उघड्या भागापुरतंच असेल तर तसं आवर्जून सांगा. मग सनस्क्रीनसाठी पट्ट्यांचे दोन सारखे संच लावून एकावर अतिनील किरण टाकतात, त्याला फोटोपॅच म्हणतात, आणि त्याची तयारी डॉक्टरांना आधी करावी लागते. पाठीवर मलम लावत असाल तर आजच फोन करून विचारा, किती दिवस आधी बंद करायचं ते.

ढगफुटी
पुरळ कॉलरच्या वरच आहे. फोन करतो लगेच.